मुठीतली कुपी

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील संचालक आणि मान्यवर, समोर बसलेले सहकारी, खास रजा काढून आलेल्या बाईंच्या धाकट्या जाऊबाई, आणि हारतुऱ्यांमागे अवघडून बसलेल्या आमच्या बाई, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

बाई आज यायलाच तयार नव्हत्या. "सत्कार कसला करता? चुकीचा?" असं त्यांनी मला फोनवर विचारलं. त्यांना इथवर आणलं ते जाऊबाईंनी. उत्तर द्यायचं मात्र माझ्या वाट्याला आलं आहे, कारण ती चूक दाखवली मीच.

बाईंनी आयुष्यभर ज्यांचा अभ्यास केला ते जेलचे कण म्हणजे काय, हे जाऊबाईंसाठी सांगते. डोळ्यांना न दिसणारे, जाळीसारखे विणलेले, पाणी पिऊन फुगलेले गोळे. जरा ऊब मिळाली की ते पाणी सोडतात, आक्रसतात, आणि नितळ कुपी दुधाळ होते. आमच्या प्रयोगशाळेत नव्या माणसाच्या मुठीत बाई अशी कुपी द्यायच्या आणि विचारायच्या, "पाणी आधी कुठलं निघालं? काठाचं की गाभ्याचं?" मी पहिल्या दिवशी पुस्तकी उत्तर झाडलं. बाई म्हणाल्या, "उद्या या." दुसऱ्या दिवशी मी "माहीत नाही" म्हणाले, तेव्हा कुठे मला खुर्ची मिळाली!

हा कण आतून बाहेरून एकसारखा विणलेला असतो, असं बाईंचं मत होतं. सगळं जग तेच शिकत होतं. मला नव्या यंत्रावर वेगळं दिसलं. गाभा घट्ट, काठ सैल. काठ आधी मिटतो आणि आतलं पाणी मागून येतं. मी ते बाईंपुढे ठेवलं तेव्हा त्याच जुन्या मतावर उभा असलेला त्यांचा ग्रंथ छपाईला गेला होता. मीच माघार घेतली. म्हटलं, "बाई, यंत्र चुकत असेल." त्यांनी आलेख पाहिला, चष्मा काढला. "तीनदा सावकाश तापवलंस ना? मग यंत्र कशाला चुकेल?" त्याच दुपारी त्यांनी छपाई थांबवली. जाताना एवढंच म्हणाल्या, "आयुष्यभर पाण्याचंच काम केलं. पाण्यात गेलं, तर तक्रार कुणाकडे करायची?" आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. पुढे आजारपण आलं, आणि बाई प्रयोगशाळेत यायच्या थांबल्या.

बाई, आज सर्वांसमोर विचारते. सावकाश तापवायला मला शिकवलं कुणी? घाईनं ऊब दिली की काठ झटकन मिटतो, आतलं पाणी आतच कोंडतं, आणि आपल्याला काहीच कळत नाही. हे ठाऊक नसतानाही तुम्ही आम्हाला थांबायला लावलंत. जरा ऊब वाढवा, हात बांधून बसा, मग पाहा. घरी तुम्हाला दूध तापवायला देत नाहीत म्हणे, मंद आचेवर सकाळची संध्याकाळ होते! पण त्या मंद आचेवरच मला काठ दिसला. तुमच्या काळच्या यंत्राला तो दिसत नव्हता, एवढंच. माझ्या शोधातून तुमची शिस्त वजा केली तर माझ्या हाती शून्य उरतं. सत्कार त्या शिस्तीचा आहे. माझं तुमच्यावर फार प्रेम आहे, हेही आजच सांगून टाकते.

म्हणून ही कुपी. बाई, हात पुढे करा. आता प्रश्न मी विचारते. पाणी आधी कुठलं निघालं?

अध्यक्ष महोदय, क्षमा असावी. कुपी नितळच आहे. औषधोपचारांमुळे बाईंचे हात गार पडतात, हे माझ्या लक्षातच आलं नाही. बाई, राहू द्या, मी ती...

मागच्या रांगांना ऐकू गेलं नसेल. बाई म्हणाल्या, "थांब. घाई करू नकोस."

तर मंडळी, आपणही थांबू. तोवर मी संयोजकांचे, मान्यवरांचे आणि जाऊबाईंचे मनापासून आभार मानते. बोलण्याच्या भरात काही उणंअधिक झालं असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. कार्यक्रमपत्रिकेत या थांबण्याला जागा ठेवलेली नाही, त्याबद्दलही माफी असावी.

बाईंनी मूठ उघडली आहे. कुपी दुधाळ होते आहे. बाई, मोठ्यानं सांगा ना, सगळ्यांना ऐकू द्या.

"काठाचं," म्हणाल्या बाई. "आधी काठाचं."