पांढऱ्या सदऱ्यांचा मोर्चा

एलोदिया : मक्याचं पान उलटं धरलंयस, चाबेला. गुळगुळीत बाजूला पीठ लाव, नाहीतर उकडल्यावर तामाल पानालाच चिकटून बसतील.

चाबेला : चाळीस वर्षं लावतेय, वन्सं. आज हात चुकतोय. सकाळी ग्रंथालयातल्या यादिराचा फोन आला, तेव्हापासून.

एलोदिया : काय म्हणाली?

चाबेला : मोर्च्यांवरच्या शनिवारच्या प्रदर्शनातून माझा फोटो काढला. दर्शनी भिंतीवरचा.

एलोदिया : अरेरे. मग तिथे आता काय लावणार?

चाबेला : तुमचा. बुटांचा.

एलोदिया : बुटांचा चांगला आहे. माणसं किती लांबून चालत आली ते त्या टाचांवरून कळतं.

चाबेला : चांगला आहेच, मी कुठे नाही म्हणते. पण माझा का काढला, ते नाही विचारलंत.

एलोदिया : का काढला?

चाबेला : कुणा बाईने फोन करून सांगितलं म्हणे, की फोटोतल्या निकानोराकडे अजून कागदपत्रं नाहीत, चेहरा भिंतीवर लावाल तर उद्या इमिग्रेशनवाले तिला उचलून नेतील. अगदी घरच्या माणसासारखी बोलत होती म्हणे ती बाई. यादिरा बिचारी घाबरली.

एलोदिया : घाबरेल नाही तर काय. दिवस कसे आहेत बघतेस ना. परवाच पावाच्या दुकानातून दोघांना नेलं. खबरदारी घेतलेली बरी.

चाबेला : म्हणून मी निकानोराकडे जाऊन आले. दोन बस बदलून. तिला नागरिकत्व मिळून नऊ वर्षं झाली. कागद काचेत घालून येशूच्या शेजारी टांगलाय. शनिवारसाठी केस रंगवून घेतलेत बाईने. नातवंडांना घेऊन येणार आहे, बघा रे तुमची आजी मोर्च्यात कशी ओरडत होती म्हणून.

एलोदिया : मला काय ठाऊक तिचं.

चाबेला : तिने शपथ घेतली त्या दिवशी केक तुम्हीच नेला होता.

एलोदिया : पातेल्यातलं पाणी बघ. आटलं असेल.

चाबेला : पाणी आहे भरपूर. फोन तुम्ही केलात ना, वन्सं?

एलोदिया : मोर्च्यांचे फोटो काढताना तीस वर्षं मी एक नियम पाळला. पाठ, हात, बूट, फलक. चेहरा नाही. पेपरात चेहरा छापून आला आणि तिसऱ्या दिवशी आपल्या गल्लीतल्या फाउस्तीनोला सीमेपार टाकला, तेव्हा धरलेला नियम. चर्चचे फादर भर सभेत म्हणायचे, हिच्या कॅमेऱ्यापुढे निर्धास्त चाला. आणि ही कालची पोर यादिरा माझी फोटोंची चार खोकी उपसते आणि म्हणते, छान आहेत सेन्योरा, पण सगळ्या पाठीच आहेत, एखादा चेहरा नाही का? चेहरा तुझ्याकडे. एकच. मी टाकून दिलेल्या कॅमेऱ्यातून काढलेला. आणि तो दर्शनी भिंतीवर.

चाबेला : नियम खराच होता. आम्हा बिनकागदवाल्यांना त्याचा मोठा आधार. पण दोन हजार सहाच्या मेमध्ये, अख्खं शिकागो रस्त्यावर उतरलं तेव्हा, तुम्हीसुद्धा चेहरे घेतलेत.

एलोदिया : घेतले, पण काळे ठेवले. मुद्दाम. कुणी ओळखू नये म्हणून.

चाबेला : तुमच्या न्हाणीघरात ते फोटो दोरीवर वाळत मीच घातले होते, वन्सं.

एलोदिया : मग?

चाबेला : सगळ्यांनी पांढरे सदरे घालून या, असं रेडिओवर सांगितलं होतं. जिकडे बघाल तिकडे पांढरं. त्या पांढऱ्याने कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा काटा फसला. त्याला वाटलं उजेड फार आहे. सदरे असे आले की बटणं मोजून घ्यावीत, आणि त्यांच्यावर चेहरे म्हणजे कोळसे. तुम्ही टबाच्या काठावर बसून रडलात. पुढच्या सभेत मात्र सांगितलंत, माझ्या माणसांना जपायला मी अंधार धरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

एलोदिया : एकोणीस वर्षं बोलली नाहीस.

चाबेला : काय बोलायचं त्यात? तुमचे भाऊ असते तर म्हणाले असते, गप्प बस, पीठ मळ.

एलोदिया : मग तुझा कसा आला? तुला तर काटा कशाशी खातात तेही माहीत नव्हतं.

चाबेला : माझा चष्मा मोडला होता. लांबचं काही दिसेना. म्हणून निकानोराच्या इतकी जवळ गेले की चौकटीत नुसतं तिचं तोंड. काट्याला फसवायला पांढरं उरलंच नाही.

एलोदिया : मी कुणाच्या इतकी जवळ कधी गेले नाही. आणि मला भीती कसली होती? माझे कागद सत्त्याऐंशीतच झाले होते. तुझ्याकडे तर तेव्हा चिटोरं नव्हतं. तुला नेलं असतं तर पोरं माझ्या पदरात पडली असती. आणि तू तिच्या तोंडासमोर उभी. तुझा तो फोटो पहिल्यांदा पाहिला, तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय, चाबेला. दुसऱ्या कुणाचा असता तर गल्लीभर मिरवला असता मी.

चाबेला : माझा होता म्हणून.

एलोदिया : तुझा होता म्हणून. फिल्म कशी घालायची तेसुद्धा तू मला विचारायचीस.

चाबेला : निकानोराला त्या फोनचं मी काही बोलले नाही. नुसता चहा पिऊन आले. आता यादिराला फोन करा.

एलोदिया : आणि बूट?

चाबेला : बूट दाराशी लावायला सांगा. आत येणाऱ्याला आधी ते दिसू देत.

(एलोदिया हात धुते आणि फोन घेऊन मागच्या खोलीत जाते. ती परत येईपर्यंत चाबेलाची नऊ पानं भरून होतात.)

चाबेला : लावते म्हणाली?

एलोदिया : लावते. होता तिथेच. आजच.

चाबेला : एवढ्याला इतका वेळ?

एलोदिया : तिने विचारलं, मग आधी खोटं का सांगितलंत, सेन्योरा.

चाबेला : तुम्ही काय सांगितलंत?

एलोदिया : म्हटलं, फोटो चांगला आहे म्हणून.