जरा शिकवून ठेवा

...आणि शिकवायचं कुणाला, तर मफलरला! म्हणजे ज्या माणसाला आमच्या ह्यांनी एवढ्या वर्षांत स्वतःचा स्टेपलर कधी वापरू दिला नाही, त्याच्यापुढे स्वतःचं अख्खं काम उलगडून ठेवायचं, वर हसतमुखानं, असा साहेबाचा हुकूम. हुकूम तरी कसा, लोण्यात बुडवलेला. "जरा शिकवून ठेवा हो त्याला. सहज. असावं कुणाला तरी माहीत." सहज म्हणे. तुम्हाला सांगते, त्या कंपनीत कुणी "सहज" म्हटलं की समजावं, सुरी बाहेर निघाली.

थांबा, नीट सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई सुरुवातीलाच सुटली. आमचे हे एका भल्यामोठ्या कंपनीत आहेत, कपडे धुवायची मशिनं बनवणाऱ्या. मोठी म्हणजे इतकी मोठी, की खालच्या मजल्यावरच्याला ठाऊक नसतं वरच्या मजल्यावर काय बनतं. हे म्हणतात, तिथं काही बनतच नाही, तिथं फक्त ठरतं. ह्यांचं खातं सुट्या भागांचं. कुठल्या जुन्या मशीनला दाराचं कुठलं रबर लागतं, कुठला पंप बसतो, सगळं ह्यांच्या डोक्यात. आणि मफलर बसतो शेजारच्या टेबलावर, तक्रारींच्या फोनवर. एसीचा झोत नेमका त्याच्या मानेवर येतो, म्हणून बाराही महिने गळ्यात मफलर, आणि म्हणून नावही मफलर. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवत असेल की नाही, देव जाणे.

तर सध्या तिथं माणसं काढताहेत. का काढताहेत? तर खर्च वाढला. कुणाचा वाढला? ते विचारायचं नाही. आणि काढायची रीत बघा... कुणी म्हणून सरळ सांगत नाही की बाबा रे, उद्यापासून येऊ नकोस. आधी म्हणतात, जरा शिकवून ठेवा. आपण भोळेपणानं शिकवतो. समोरचा तयार झाला की हसरी येते. हसरी म्हणजे माणसं ठेवायच्या-काढायच्या खात्यातली ती मुलगी. ती हसत आली की कुणीतरी रडत जातं. हिशेबातल्या मावशींनी नव्या पोरीला जीव लावून शिकवलं, स्वतःच्या डब्यातलं खाऊ घातलं, आणि पोरीला सगळं यायला लागलं त्याच आठवड्यात मावशींच्या हातात फुलांचा गुच्छ आणि पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. अहो, साठीला टेकलेल्या बाईची पुढची वाटचाल म्हणजे काय, घर ते दवाखाना! त्या दिवशी हे तणतणतच आले आणि गरजले, "काढायचं तर काढा, पण तोंडावर सांगून काढा!" कुणावर गरजले? भिंतीवर. हे घरात वाघ आहेत हो. ऑफिसात काय आहेत ते मी विचारत नाही, संसार टिकवायचाय.

आणि मग ती वेळ ह्यांच्यावरच आली. त्या संध्याकाळी मात्र वाघ गुरगुरला नाही. ताटातलं नुसतं चिवडत बसले आणि म्हणाले, "अगं, मशीन फिरताना नुसतं ऐकलं तरी मला कळतं आत काय बिघडलंय. तेवढंच येतं मला. ते मफलरला दिलं तर माझ्याकडे उरलं काय?" तुम्हाला सांगते, हा माणूस माझ्यावर चिडलाय, रुसलाय, अबोला धरून बसलाय, पण असा एवढासा झालेला मी कधी बघितला नव्हता. आणि मग मला जो राग आला... म्हटलं, शिकवा. बेलाशक शिकवा. पण चुकीचं शिकवा.

मग काय, घरात तालीम सुरू. आमचं धडधाकट मशीन ह्यांनी बाथरूममध्ये उघडून बसवलं, मी गळ्यात टॉवेल गुंडाळून मफलर झाले, आणि हे शिकवायला लागले. "हे बघ, जुन्या मशीनला नवं रबर आणि नव्याला जुनं." मी म्हटलं, "असं का?" हे हातातलं रबर उलटंपालटं करून बघायला लागले. अहो, म्हटलं, मफलर विचारणारच ना, असं का म्हणून. खऱ्याला कुणी कारण विचारत नाही, खोट्याला आधी लागतं. मग बसून एकेक कारण जुळवलं. पाणी गळत असेल तर पंप नाही, बटण बदलायचं, कारण पाण्याचं मूळ बटणात असतं, हे माझं. चांगलं आहे की नाही? पण ह्यांना खोटं बोलताच येईना. जीभ सारखी खऱ्यावर घसरायची. पंपाच्या जागी बटण म्हणताना आवाज जड व्हायचा. एवढा जिव्हाळा पंपावर. माझ्यावर किती आहे ते नंतर कधीतरी बघू. शेवटी वैतागून ह्यांनी त्या मशीनच्या ड्रममध्ये डोकं घातलं आणि ओरडले, "काढायचं तर काढा, पण तोंडावर सांगून काढा!" आतून असं काही घुमलं की स्वतःच खूश झाले. म्हणाले, "साहेबाला हे असं म्हणायला पाहिजे." म्हटलं, मग म्हणा की. तर म्हणे, "वेळ आली की म्हणेन."

आता खरी मेख ऐका. साहेबानं ह्यांना जाता जाता म्हटलं होतं, "तुम्हीही त्याचं काम बघून घ्या हो, सहज." हे दुसरं सहज! पण ह्यांना वाटलं, आपलं बोलायचं म्हणून बोलला. आणि मफलर ह्यांना काय शिकवतो? तर म्हणे, "गिऱ्हाईक फोनवर आलं की आपणच आधी चढ्या आवाजात बोलायचं. म्हणजे त्याला वाटतं, चला, कुणीतरी मनावर घेतंय." आणि हे घरी येऊन मला कौतुकानं सांगतात, "बघ, माणसाच्या मनाचा केवढा अभ्यास!" मी म्हटलं, अहो, तो गंडवतोय तुम्हाला. तुम्हाला जे सांगितलं तेच त्यालाही सांगितलं असणार. तर मलाच म्हणतात, "तुला ऑफिसातलं काय कळतं? मफलर सरळ माणूस आहे. इतका सरळ की त्याला फसवताना मलाच लाज वाटते." आता ह्यावर काय बोलायचं, तुम्हीच सांगा... मी टॉवेल वाळत घातला आणि झोपले.

आणि एक दिवस साहेबाला हुक्की आली. म्हणाला, "आज जागा बदलून बसा. बघू दे कुणाला किती आलंय." हे बसले फोनवर, मफलर सुट्या भागांवर. पहिलाच फोन एका आजीबाईंचा. आवाज एवढासा. "मशीनखाली पाणी साचतंय हो..." बिचारी किती हळू बोलत होती. पण धडा म्हणजे धडा. हे कडाडले, "साचतंय तर मी काय पोहायला येऊ?" पलीकडून आजीबाई कशाबशा "बरं" म्हणाल्या. ह्यांना वाटलं, बरं वाटलं असेल. ह्यांनी पत्ता घेतला, तोही खेकसून, आणि इकडे मफलरनं मोठ्या विश्वासानं त्या आजीबाईंना बटण धाडलं. पुढच्याला बटण, त्याच्या पुढच्याला बटण. ज्याला खरंच बटण हवं होतं त्याला रबर. पुढच्या दोन दिवसांत मजल्यावरचा एक फोन म्हणून खाली ठेवता येईना, आणि साहेबानं दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

हे म्हणतात, माफी मागायची असंच ठरवून आत गेले होते. पण डोळ्यांपुढे मावशींचा तो गुच्छ आला आणि काय झालं कोण जाणे, वाघ पहिल्यांदा घराबाहेर पडला. टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, "साहेब, काढायचं तर काढा, पण तोंडावर सांगून काढा!" आणि त्याच क्षणी शेजारून मफलर, गळ्यातला मफलर ओढून काढत, तेच म्हणाला, अक्षर न् अक्षर तेच. म्हणजे त्याच्याही घरी भिंत होती म्हणायची! दोघं एकमेकांकडे बघत राहिले. "तुलाही शिकायला सांगितलंय?" "म्हणजे तुम्हालाही?" "मग ते ओरडायचं?" "मग ते बटण?"

साहेब उठला. ह्यांना वाटलं, आता हसरीला बोलावणार. त्यानं दार लावलं, काचेवरचा पडदा ओढला, परत खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मलाही वरून सांगितलंय... तुमचं काम जरा शिकवून ठेवा म्हणून." मग खुर्ची पुढे ओढून अगदी हळू म्हणाला, "ते चुकीचं शिकवायचं कसं, ते जरा मला शिकवता का?"

हसता काय? माणूस आहे तोही. माझा एवढा राग होता त्याच्यावर, पण हे सांगताना ह्यांनीच त्याची बाजू घेतली, तर मी कशाला रागावू. तर आता तिघांचं असं ठरलंय. हे आणि मफलर जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसून एकमेकांना खरं काम शिकवतात, अगदी जीव ओतून, काही हातचं न राखता. कारण आपल्या भांडणात त्या आजीबाईंचा काय दोष? ह्यांनी स्वतः फोन करून त्यांची माफी मागितली आणि पंप घरपोच केला. मफलर शेजारी बसून सांगत होता, "हळू बोला, पुढचं माणूस आधीच घाबरलेलं असतं." साहेबाची शिकवणी हे घेतात. कारणं मी जुळवून देते.

पण हे सगळं आतल्या आत हं. वरच्यांच्या लेखी दोघांना अजून काही म्हणजे काही येत नाही. हसरी येते, हसत विचारते, "झालं का शिकून?" मफलर कपाळाला हात लावतो, "कसलं हो, ह्यांच्या डोक्यात काही शिरतच नाही." हे म्हणतात, "ह्याला अजून रबर कुठलं आणि पंप कुठला ते कळत नाही." साहेब मोठा सुस्कारा सोडतो, "वेळ लागेल अजून." आणि ती जाते. तशीच हसत, पण जाते! एकाला काढलं तर दुसरा हात वर करणार, मला नाही येत बुवा त्याचं काम. आता काढायचं तर काढा... काढून तर दाखवा.

तर नोकरी आहे. आज आहे, उद्याचं कुणी बघितलंय. पण मला राहून राहून वाटतं हो, हा माणूस जन्मभर हुशारीवर नोकरी करत आला, आणि आता तीच टिकवायची तर निवृत्त होईपर्यंत मठ्ठ म्हणून बसायचं. बसतील. काय करता... आणि खरं सांगू का, एवढं एकच काम असं निघालं, की ते ह्यांना कुणी शिकवायची गरज पडली नाही.