एका पाण्यावरचे दोघे

चित्र कधी खोटं बोलत नाही, मंडळी! — आधार कार्डावरचं सोडा. मी देवळातल्या चित्राबद्दल बोलतोय. वाघ आणि हरिण एकाच पाण्यावर दिसले, तर त्यातला आपण कोण? सांगा बरं!

ऐका. दिगंबरराव देवळाचे अध्यक्ष. सभामंडपाच्या भिंतीवर त्यांनी मुनीर पेंटरकडून चित्र काढून घेतलं — तळं, अलीकडे वाघ, पलीकडे हरिण. वाघाचं तोंड बंद! लोक म्हणाले, "वा! अहिंसा!" मुनीर म्हणाला, "दात जमत नाहीत मला."

आणि दिगंबरराव? डोळे मिटून सांगायचे, "हरिण म्हणजे मी. वाघ म्हणजे हा संसार!"

आता या हरणाच्या घरी काय चाललं होतं? विहीर दोघा भावांची, विजेची मोटार एक. धाकट्या सोपानची पाण्याची पाळी यांनी दोन महिने दाबून ठेवलेली! त्याची मोसंबी वाळत चालली — पाच वर्षं लेकरासारखी जपलेली!

"दादा, झाडं जातील हो!"

"बघू," हरिण म्हणालं.

एका दुपारी राव चित्रासमोर बसले. डोळा लागला. आणि मंडळी — भिंतीतलं तळं हललं! गार झुळूक आली, शेवाळाचा वास आला, समयीची ज्योत अलगद पाण्यावर तरंगू लागली. राव उठले, काठाशी गेले. पलीकडून हरिण टक लावून बघतंय — डोळे ओळखीचे! सोपानचे!

"अरे, तू हरिण? मग मी कोण?"

वाकून पाण्यात पाहिलं. मिशा! — त्या होत्याच म्हणा. पण पट्टे?

दचकून जागे झाले. अनवाणी निघाले ते थेट सोपानच्या बांधावर!

"सोप्या, गुरुवारची पाळी तुझी! कायमची!"

सोपान पाया पडला. त्याची बायको पदराने डोळे पुसत राहिली. राव घरी येऊन शांत झोपले.

तर मंडळी, इथं हरणं किती? हात वर करा! — बघा, सगळेच! पुढच्या रांगेत तर दोन-दोन हात! आणि वाघ? एकही नाही? मग सोपानची झाडं वाळवली कोणी? बाबांनो, पाण्यात वाकून बघा! दिगंबररावांनी पाहिलं, आणि गुरुवार देऊन टाकला.

त्या शिवारात गुरुवारी दिवसभर वीज नसते.