पोरीला हवी होती फक्त सकाळ

...नाही, टाळ्या वाजवायला माझं काय जातं हो, वाजवल्या मी, तळहात लाल होईस्तोवर वाजवल्या, पण तुम्हाला सांगतो, पोरीने मागितली होती फक्त सकाळ! आमची कवळ्या बनवायची लॅब, मी तिथला हेड, आणि ही पोर आमची रंगारीण. दाताचा रंग असा जुळवायची की खरा कुठला नि खोटा कुठला, हे तोंडाच्या मालकालाही आठवू नये. घरी आई अर्धांगवायूने आडवी, तिचे व्यायाम करून घ्यायला बाई यायची ती सकाळीच, आणि आईला धरायला पोर घरात लागायची. पोर म्हणाली, काका, मी अकराला येते, संध्याकाळी काम संपवूनच उठते. झालं, गेलो मी साहेबांकडे.

साहेब नुकतेच कुठलंसं शिबिर करून आलेले. म्हणतात कसे, "तरुणांना पगारवाढ नको असते हो, कौतुक हवं असतं." म्हटलं, साहेब, हिला दोन्ही नको, सकाळ हवीय. तर म्हणे, "आज ती अकराला आली, उद्या तुम्ही बाराला याल." मी? अंगात ताप असतानाही कधी नऊ न चुकवलेला मी?

मग काय, कौतुक सुरू. भिंतीवर तिचा हा एवढा फोटो, खाली 'महिन्याची मानकरी'. थकवा घालवायला लोळायची मऊ पिशवी आणली, तीत आधी साहेबच बसले आणि उठता येईना... दोघांनी बखोट धरून उपसलं त्यांना! आणि पोरीने मागितली होती काय? सकाळ.

एक दिवस सकाळी दहालाच तिच्या नावाचा केक कापला, टाळ्या चालू, तेवढ्यात शेजारणीचा फोन. आई एकटीच उठायला गेली नि पडली. खुब्याचं हाड मोडलं. पोर हाताला क्रीम तशीच घेऊन धावली.

राजीनामा द्यायला आली तेव्हा रडलीसुद्धा नाही. म्हणाली, "काका, तुमच्यावर राग नाही. पण आई आता भिंत धरूनही उभी राहत नाही." समोरच्या गल्लीतल्या लॅबने तिला अकराची वेळ दिली, फोटोबिटो न काढता. तिच्यामागोमाग आमचा भट्टीवाला गेला, घासकाम करणारी दोघं गेली. का जाणार नाहीत? त्यांनाही आपापली सकाळच हवी होती.

मग साहेबांचे डोळे उघडले. मला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चुकलंच आमचं. आजपासून तुम्हाला वेळेचं बंधन नाही. इतकं काम तुंबलंय... तुम्ही आपले सकाळी हवे तितक्या लवकर येत जा."