चौथा खडा

उत्कर्षा : ...आणि आईंची बॅग डिकीत सगळ्यात खाली. वर पूजेची पिशवी ठेव, म्हणजे त्यांना दिसणार नाही.

सुदर्शन : साड्या किती भरल्यास?

उत्कर्षा : सहा. स्वेटर, त्यांची निळी गोधडी, औषधं, आधार कार्ड, दोन फोटो. पहाटे चारला निघायचं. इंदापूरला चहा, साडेनऊपर्यंत तुळजापूर. आधी दर्शन, मग वृद्धाश्रम. त्यांचं ऑफिस रविवारी एकपर्यंतच असतं आणि फॉर्मवर तुम्हा दोघा भावांच्या सह्या लागतात. रात्री जेवायला आपण घरी.

सुदर्शन : आपण.

उत्कर्षा : शब्दात पकडू नकोस, सुदर्शन.

सुदर्शन : तिला मी सांगितलंय, दर्शन घेऊन त्याच दिवशी परत. सकाळपासून खूश आहे. मला लाज वाटते गं.

उत्कर्षा : आणि मला वाटत नाही, असं तुझं म्हणणं? सोमवारी गॅस चालू ठेवून झोपल्या. बुधवारी समोरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कळशी घेऊन उभ्या. वॉचमनला म्हणे, माझ्या विहिरीवरनं गाडी काढ.

सुदर्शन : विहीर तिथंच होती.

उत्कर्षा : होती ना. जमीन विकून बिल्डरला बुजवायला तुम्ही दोघा भावांनी दिलीत, मी नाही. आणि दिवसातून तीनदा त्यांचं लुगडं बदलते ती मी. तू नाही.

सुदर्शन : इथंच हडपसरला एखादं ठिकाण बघितलं असतं...

उत्कर्षा : इथून त्या चालत घरी येतील. तिथं निदान देवीजवळ आहेत. भावकीत कुणी विचारलंच, तर देवीच्या सेवेला राहिल्या म्हणायचं. हे आनंद भाऊजींचं डोकं हं, माझं नाही.

सुदर्शन : म्हणूनच गाडी मी चालवतो म्हणाला. मागं वळून तिच्याकडे बघायला नको.

उत्कर्षा : मग तू बस मागं. हात धरून.

सुदर्शन : हळू. आई येतेय.

(मथुराबाई गॅलरीतून आत येतात. एक मूठ मिटलेली.)

मथुराबाई : सुदर्शना, उद्या कोन कोन हाय रं गाडीत?

सुदर्शन : तू, मी, उत्कर्षा आणि आनंद.

मथुराबाई : चौघं. मग बरं हाय.

उत्कर्षा : बरं काय त्यात, आई?

मथुराबाई : तिघांनी वाटंला लागू न्हाई. तीन तिगाडा, काम बिगाडा. तिघं असलं की चौथा म्हनून खडा घ्यावा लागतो संगं.

उत्कर्षा : माहितीये. दवाखान्यात गेलो तेव्हा माझ्या पर्समध्ये टाकला होतात. अजून आहे तो.

मथुराबाई : असू दे. सूनबाई, माझी निळी गोधडी दिसंना कुटं.

उत्कर्षा : ती... धुवायला टाकलीय.

मथुराबाई : वाळली की बॅगंत घाल. दुसऱ्याचं पांघरून मला चालत न्हाई.

सुदर्शन : बॅगेत कशाला? रात्री आपण घरी असणार, आई.

मथुराबाई : तुझा बाप म्हनायचा, ह्या पोराला लबाडी जमायची न्हाई. कान लाल व्हत्यात.

सुदर्शन : आई, तू नको म्हण. एकदा नको म्हण, उद्याचं जाणं आत्ता रद्द करतो.

मथुराबाई : कशाला नगं म्हनू? काल हिला मी इचारलं, कोन गं तू, माझ्या घरात काय करतीस? ही न्हानीत जाऊन रडली. मला ऐकू येतं अजून.

उत्कर्षा : आई, तुम्ही बसा. मी जेवायला वाढते.

मथुराबाई : बसते. सुदर्शना, हात कर फुडं.

सुदर्शन : काय आहे?

मथुराबाई : तुळशीच्या कुंडीतला हाय. खिशात ठिव.

सुदर्शन : अगं, पण आपण चौघं आहोत.

मथुराबाई : जाताना. ह्यो येतानाचा हाय. आत्ताच देते, उद्या माझ्या ध्यानात राहील न राहील.