कोआवर पॉलिशचे सहा हात

घाटकोपरच्या गिटारदुरुस्तीच्या दुकानात मी पाळीची वाट पाहत होतो. मुलाची गिटार घेऊन आलेले, फर्निचरला पॉलिश करणारे धाकूकाका कारागीर रुचिराशी बोलत होते.

"काका, कोआ लाकडाची गिटार वाजवत राहिलं की वर्षागणिक आवाज मोकळा होतो. हिचा का बसलाय?"

"आमचा चैतन्य गेल्यावर मीच पॉलिश मारलं. सहा हात, कपाटाला मारतो तसे."

"अहो, एवढ्या थराखाली लाकूड थरथरणार कसं?"

"मग खरवड ना, पोरी. वर्षश्राद्धाला त्याच्या आईला त्याच्या गिटारचा तोच आवाज ऐकायचाय."

"खरवडते. खालचं लाकूड तरी शाबूत आहे ना?"

"त्याच्या नखांचे ओरखडे होते गं. ते जाईपर्यंत पॉलिशपेपरनं घासलं. बरंच पातळ झालं."

"मग तो आवाज नाही यायचा, काका."

"घरी फोन करून तिला तूच सांगशील?"