वांगी रंगाची पर्स

हॅलो? … हॅलो? … हो बाई, संगमनेर. मीच सुचित्रा, माझ्याच नावाचा पीपी कॉल आहे… पुण्याहून, हो. जोडा, जोडा.

हॅलो… नीलू? … अगं मोठ्यानं बोल जरा. … हां, आता येतंय. … धापा? काही नाही गं. वकीलकाकूंनी गच्चीवरून हाक मारली, नीलूचा ट्रंककॉल म्हणून, तशीच अनवाणी धावत आले. लग्न होऊन दहा दिवस झाले नाहीत आणि हिचा फोन, म्हटलं काय झालं असेल. … सगळं ठीक ना? … जावई? … सासूबाई? … बरं. बरं.

आई बरी आहे. … घरी आहे. … नाही, ती नाही आली. … अगं नाही आली म्हणजे नाही आली.

ऐक ना, आधी माझं ऐक, नाहीतर तीन मिनिटांत राहून जाईल. ऑर्डर आली. … संस्थेची गं. मुख्याध्यापिका म्हणून. मिरजगावला. … हो, तिकडंच, कर्जत तालुक्यात. आजच दुपारी टपालानं आली, सोमवारी हजर व्हायचंय. … सहा वर्षं. चार नाही, सहा वर्षं वाट बघतेय मी. … हो, आईच्या सोबतीला मावशी येऊन राहतेय. … तुझ्या तोंडात साखर.

बोल आता. तू कशाला फोन केलास?

…

कसल्या साड्या?

… हो. … हो, पाच होत्या. … आणि पर्स. … नीलू, थांब. … अगं थांब, आभार नंतर मान. आई काय म्हणाली तुला? ट्रंकेत भरताना नेमकं काय म्हणाली, ते सांग.

… ‘ताईनं तुझ्यासाठी एकेक करून जमवल्यात.’ … असं म्हणाली?

… नाही, काही नाही. लाइन खराब आहे, म्हणून आवाज असा येतोय.

उंदरी रंगाची तुला सगळ्यात आवडली? … ती येवल्याची. मी स्वतः गेले होते एस्टीनं. दुकानदार म्हणाला, बाई, जरा उठून दिसेल अशी घ्या की. मी म्हटलं, मला उठून नाही दिसायचं, मला हीच हवी. … हो, काठ बारीक आहे. बारीक हवा म्हणूनच तर… किती गठ्ठे उपसायला लावले त्याला. … आणि इरकली? … तीही नेसलीस. … कुठं, सत्यनारायणाला? … छान दिसली असशील.

नीलू, ऐक. … हो, हो, ऐकते मी, पण आता तू ऐक. त्या तुझ्यासाठी नव्हत्या.

…

आहेस ना फोनवर?

त्या माझ्या होत्या गं. … मी नेसायला. … मीच. … अगं तुझ्या अकरा वेगळ्या घेतल्या ना आपण. तू बरोबर होतीस, तीन दुकानं हिंडलो, तुला पाहिजे तो रंग घेतला. त्यात मी काही कमी केलं का? … मग. या पाच माझ्या.

नाही, तुला कसं माहीत असणार. मलाही आज दुपारी कळलं. ऑर्डर वाचली, हातपाय धुतले, म्हटलं सोमवारी यातली कोणती नेसायची ते ठरवू. कपाट उघडलं तर खालचा कप्पा रिकामा. डांबराच्या गोळ्या तेवढ्या. मला वाटलं चोरी झाली. खरंच. आईला हाक मारली तर ती मिरच्यांची देठं काढत बसली होती, मान वर न करता म्हणाली, ‘त्या ना, नीलूला दिल्या. घडी कुठं मोडली होतीस तू? मला वाटलं द्यायच्यातल्याच आहेत.’

… हो, तेच. … बरोबर आहे तिचं. आपल्या घरात घडी न मोडलेली साडी कुणाची असते का? आलेली ठेवायची, कुणी दिली ते आठवायचं आणि तिला सोडून दुसऱ्या कुणाला अहेर करायची. जन्मभर तेच करत आली ती. माझी चूक झाली नीलू. एकदा नेसून ठेवायला पाहिजे होती. चहाचा डाग जरी पडला असता ना एखादीवर, तरी माझी झाली असती.

… कारण मी ठरवलं होतं. ऑर्डर आली की पहिली घडी मोडायची. … वेडेपणा म्हण हवं तर.

काय? … कोण बोलतंय? … हो बाई, झाली का तीन मिनिटं? … नीलू, सांग त्यांना वाढवा म्हणून. … हां.

तुला एक सांगू? मी आजवर नेसले ती प्रत्येक साडी कुणाच्या तरी कार्यातली आहे. आत्ता अंगावर आहे ती मामांच्या बाळूच्या मुंजीतली. पोपटी. … हो ना, पोपटी मला आवडत नाही. तुला माहीत नव्हतं? … नाही, बोलले नाही मी कधी. कुणी विचारलंही नाही. बारशाची, डोहाळजेवणाची, वास्तुशांतीची, जी येईल ती नेसून पंधरा वर्षं फळ्यापुढं उभी राहिले. या पाच मी माझ्या डोळ्यांनी बघून घेतल्या होत्या. वर्षाला एक जमायची नाही, एखादं वर्ष तसंच जायचं.

… रागाचं राहू दे आत्ता. पर्सचं बोलू.

साड्या ठेव तू. … अगं खरंच ठेव. दोन नेसलीसच, तीन राहिल्या, त्याही नेस. पर्स तेवढी पाठव. … वांगी रंगाची, हो. उद्या सकाळच्या नाशिक गाडीला कंडक्टरकडं दे, मी इथं स्टँडवर थांबते. कागदात गुंडाळ, आणि आत वर्तमानपत्राचे बोळे घाल, नाहीतर आकार जातो. … होते ना आत बोळे? दर महिन्याला बदलायची मी.

… मुंबईहून. ट्रेनिंगला गेले होते ना, तेव्हा. फोर्टात काचेच्या कपाटात ठेवली होती, तीन दिवस रोज तिथून जायची, आत शिरायला धीर होईना. चौथ्या दिवशी शिरले. दुकानदार म्हणाला, कारागीर एका नमुन्याची एकच करतो, अशी दुसरी तुम्हाला मुंबईत दिसणार नाही. … किंमत नको विचारूस.

… कुणाला दाखवणार? शाळेतल्या लंकाबाईला दाखवली होती एकदा. कापडी पिशवीत घालून नेली आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूमचं दार लोटून काढली. तिनं हात पुसले पदराला, मग हात लावला. म्हणाली, ‘बाई, ही घिऊन तुमी सायबीणच दिसता. कवा वापरनार?’ मी म्हटलं, वेळ आली की. … रविवारी आई झोपली की आरशापुढं घेऊन उभी राहायची. बास, तेवढीच वापरली. … हसलीस तरी चालेल.

मग? देशील ना उद्याच्या गाडीला?

… का?

… कुणाकडं?

… अच्छा. सासूबाईंना आवडली म्हणून. … बरोबर आहे, नव्या सुनेनं काय करावं. … वापरायला काढली? कुठं? … मंडईत. … काय होतं त्यात? … कोथिंबीर.

नाही गं, हसत नाहीये मी.

नीलू, मागून घे. … एकदा मागून बघ ना माझ्यासाठी. … दिलेली वस्तू परत मागायची नसते, माहीत आहे मला. पण मी कुठं दिलीय? आईनं दिली, तू दिलीस. मी नाही दिली. … त्यांना सांग, चुकून आली म्हणून. … माहेरचं नाव खराब होतं? … एका पर्सनं? … मी सांगू का त्यांना? दे फोन, मी नीट बोलते. … देवपूजेला बसल्यात. … बरं. … नको मग. बरं.

…

काय म्हणालीस?

नाही, ऐकू आलं. नीट ऐकू आलं. ‘तुला तरी कुठं जायचं असतं, ताई.’

मिरजगावला. सोमवारी. … आत्ताच सांगितलं ना तुला. … हो, तेच. मुख्याध्यापिका म्हणून.

… असू दे. … म्हटलं ना, असू दे. तुला तसं म्हणायचं नव्हतं. आईलाही नव्हतं. आई म्हणाली, ‘जिला सासरी जायचंय तिच्याच असणार ना इतक्या साड्या. तुझ्या असतील असं मनातच आलं नाही गं माझ्या.’ साधेपणानं म्हणाली. मग मिरच्या पाखडायला घेतल्या. एका घरात छत्तीस वर्षं राहिले मी तिच्याबरोबर, नीलू. मनातच आलं नाही.

हो बाई, ऐकतेय. … सहा मिनिटं झाली. … अजून वाढवू? … नीलू, तूच ठरव. … हो, वाढवा म्हणतेय ती.

… अगं रडू नकोस. … नको ना रडू, सासरचं घर आहे, कुणी बघेल… दुसरी घेऊन देशील? … पगार आहे माझा, मी घेऊ शकते. नाही घेणार. परत तीन दिवस काचेबाहेर उभं राहण्याचं बळ नाही माझ्यात आता.

… काय म्हणू?

… ‘रागावले नाही’ असं म्हणू? म्हणजे तुला जेवण जाईल. … हो, नेहमीच म्हणत आलेय. तू माझी शाई सांडलीस तेव्हा, माझी सहल रद्द झाली तेव्हा… आई पण आत्ता घरात त्याचीच वाट बघत बसली असेल. मी गेले की विचारेल, राग गेला का, पानं घेऊ का.

नाही म्हणणार, नीलू. … रागावलेय मी. … तुझ्यावर, हो. तिच्यावर पण. … काकू ऐकतायत आतून, ऐकू देत. … रड तू. आज मला तुझी समजूत काढता येणार नाही. माझीच काढता येत नाहीये मला.

मला हवी होती ती पर्स. एवढंच. मला हवी होती.

… नाही. … नाही, अजून काही बोलायचं नाहीये. … बाई, ऐकताय ना? उरलेली मिनिटं राहू द्या. ठेवते मी.